आघाडी सरकार टिकवण्याचे दोन मार्ग : जर्मनीचा नियम आणि आपला पक्षांतरबंदी कायदा

सरकारे मुदतीआधी कोसळू नयेत यासाठी कायद्यात कोणता बदल मागावा, हे बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा अथणीच्या मतदाराला ठरवायचे असेल, तर त्याच्यापुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पर्यायी नेता बहुमताने निवडल्याशिवाय चालू सरकार हटवता येणार नाही, असा जर्मनीसारखा नियम आणणे हा एक. पक्ष सोडणाऱ्या आमदार-खासदाराला अपात्र ठरवणारा, १९८५ पासून असलेला आपला पक्षांतरबंदी कायदा अधिक कडक करणे हा दुसरा.

जर्मन नियमाने आजवर एकदाच सत्तांतर झाले : १ ऑक्टोबर १९८२ रोजी चॅन्सलर (सरकारप्रमुख) पदावरून हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये चॅन्सलर ओलाफ शोल्झ यांची तीन पक्षांची आघाडी मोडलीच, कारण विरोधकांना रोखणारा नियम भागीदारांतले भांडण मिटवू शकत नाही. बेल्जियममध्येही जवळपास असाच नियम आहे. पण भाषिक वादात अडकलेल्या त्या देशाला २०१० च्या निवडणुकीनंतर नवे सरकार स्थापन करायला ५४१ दिवस लागले, याची सीमाभागातील वाचकाने विशेष नोंद घ्यावी.

आपल्या कायद्यातील पळवाट, म्हणजे पद सोडून पोटनिवडणुकीतून परत येण्याची मुभा, मात्र बेळगाव जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. २०१८ मध्ये काँग्रेस आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) यांच्या आघाडीतून कुमारस्वामी कर्नाटकचे मुख्यमंत्री झाले आणि आमदारांच्या राजीनामासत्रानंतर २३ जुलै २०१९ रोजी ९९ विरुद्ध १०५ मतांनी त्यांचे सरकार पडले. अपात्र ठरवलेल्या १७ आमदारांत गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि कागवाडचे श्रीमंत पाटील होते. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, परंतु विधानसभेची मुदत संपेपर्यंत त्यांना दूर ठेवण्याचा अध्यक्षांचा आदेश रद्द केला, आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत हे तिघेही भाजपच्या तिकिटावर निवडून आले.

जर्मनीत बहुमत सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येवर मोजतात. तो हिशोब २२४ जागांच्या कर्नाटक विधानसभेला लावला, तर ११३ मतांची गरज होती आणि १०५ मतांनी सरकार हटले नसते. पण अवघ्या ९९ आमदारांच्या पाठिंब्यावर अर्थसंकल्प मंजूर करणे त्या सरकारला कितपत शक्य झाले असते? म्हणून माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे : सरकार पाडण्यासाठी राजीनामा देणाऱ्या किंवा अपात्र ठरलेल्या आमदाराला त्या विधानसभेच्या उरलेल्या मुदतीत पोटनिवडणूक लढवता येऊ नये. प्रामाणिक मतभेदामुळे पद सोडणाऱ्यालाही याचा फटका बसेल, आणि हा आक्षेप गंभीर आहे. तरी ज्या मतदाराने एका पक्षासाठी मत दिले, त्याच्या मताचे मोल मला अधिक वाटते.

शिक्षा मतदारच देतो, असेही काही जण म्हणतात. अथणी आणि कागवाडने २०२३ मध्ये त्या दोघांना पराभूत केले, गोकाकने मात्र जारकीहोळींनाच पुन्हा निवडले. आणि तोवर सत्तांतराला जवळपास चार वर्षे होत आली होती.