घरात तीन गाड्या: विमा एकत्र काढावा की वेगवेगळा?

घरात दुसरी-तिसरी गाडी आली की एजंटला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्यांचा एकत्र काढला तर किती कमी कराल?" प्रश्न रास्त आहे. पण भारतात वाहन विम्याच्या हप्त्याचे दोन भाग असतात, आणि त्यातल्या एका भागात कुणालाच घासाघीस करता येत नाही.

तो भाग म्हणजे थर्ड पार्टी, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्याचा विमा. त्याचे दर केंद्र सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यापुढे 7,897. समजा घरात 998 सीसीची एक आणि 1500 सीसीच्या आतल्या दोन गाड्या आहेत. बेरीज 8,926, आणि 18 टक्के जीएसटी धरून साधारण 10,533 रुपये. कुठल्याही कंपनीकडे जा, हा आकडा तोच. कमी-जास्त होतं ते फक्त ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात. तेव्हा "तिन्ही गाड्यांवर अमुक टक्के सूट" ऐकलं की ती सूट नेमकी कशावर, हे आधी विचारावं.

आता एकत्र पॉलिसीचं. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै 2022 मध्ये कंपन्यांना 'फ्लोटर' द्यायला परवानगी दिली: एकाच मालकाच्या अनेक कार आणि दुचाकींच्या ओन डॅमेजसाठी एकच छत्र. इथे 'एकाच मालकाच्या' हे शब्द महत्त्वाचे. एक गाडी बाबांच्या नावावर, एक तुमच्या, एक बायकोच्या, असं असेल (बहुतेक घरांत असंच असतं) तर फ्लोटरचा विषय तिथेच संपला. त्यासाठी आरसीवरचं नाव बदलायला जाऊ नका. आरटीओच्या खेपांतच बचत खर्ची पडेल.

सगळ्या गाड्या एकाच नावावर असतील तर मात्र फ्लोटरचा विचार जरूर करावा. नूतनीकरणाची एकच तारीख, ही त्यातली खरी सोय. तीन पॉलिसींच्या तीन तारखा सांभाळताना एखादी हुकतेच, आणि मुदत संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट, गेला. पण सही करण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या: एका गाडीचा क्लेम झाला तर बाकीच्यांच्या बोनसचं काय? उत्तर गुळमुळीत आलं तर वेगवेगळ्या पॉलिसीच बऱ्या. वेगळ्या पॉलिसीत प्रत्येक गाडीचा बोनस स्वतंत्र असतो. मुलाने छोटी गाडी ठोकली म्हणून मोठ्या गाडीचा 50 टक्के बोनस जात नाही.

हा बोनस म्हणजे किरकोळ सूट नव्हे. क्लेमशिवायच्या वर्षांगणिक तो 20, 25, 35, 45 आणि मग 50 टक्क्यांपर्यंत चढतो, आणि एका क्लेमने शून्यावर येतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता 12,000 धरा. 50 टक्के बोनसवर तुम्ही 6,000 भरत होता. बंपरचा 4,000 चा क्लेम घेतलात, तर पुढच्या वर्षी पूर्ण 12,000 आणि त्याच्या पुढच्या वर्षी 9,600. म्हणजे दोनच वर्षांत 9,600 रुपये जास्त गेले, ते 4,000 साठी. आणखी एक: बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं तर तो तीन वर्षांच्या आत तुमच्याच नावावरच्या नव्या गाडीला लावता येतो. नवी गाडी बायकोच्या नावावर घेतलीत तर तिथे तो चालत नाही. गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना याचा हिशोब सहसा कुणी करत नाही.

दुहेरी पैसे जातात ते आणखी एका ठिकाणी. मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण सक्तीचं आहे, पण ते माणसाला असतं. एका नावावर दोन गाड्या असतील तर ते एकदाच पुरतं; तरी ते दुसऱ्या पॉलिसीतही बिनबोभाट जोडलेलं सापडतं. पहिली पॉलिसी दाखवा, दुसरीतून ते वगळायला सांगा. बायकोच्या गाडीसाठी मात्र तिचं वेगळं हवंच.

माझ्या मते बहुतेक घरांना परवडतो तो तिसरा मार्ग: गाड्या एकत्र न बांधता प्रत्येकीला तिच्या वयाप्रमाणे आणि वापराप्रमाणे विमा. नव्या गाडीचं तीन वर्षांचं थर्ड पार्टी खरेदीच्या वेळीच भरलेलं असतं, तिला दरवर्षी फक्त ओन डॅमेज लागतं; त्यात झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारी जोड) घ्यावं, कारण त्याशिवाय प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत आपल्या खिशातून जाते. दर दोन रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीला किलोमीटरवर चालणारी पॉलिसी बघावी. वर्षाच्या किलोमीटरचा टप्पा आधी निवडायचा, तो संपला तर वाढवून घ्यायचा. मात्र दिवाळीत गावाला याच गाडीने जाणार असाल तर ते किलोमीटर आधीच धरा.

आणि आठ-दहा वर्षांची म्हातारी गाडी? तिची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दीड लाखावर आली असेल आणि ती चोरीला गेली किंवा पावसाळ्यात बुडाली तर तो धक्का तुम्ही सोसू शकत असाल, तर नुसतं थर्ड पार्टी पुरे. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी राहत असेल तर मी एवढं धाडस करणार नाही. आग आणि चोरीपुरतं वाढीव संरक्षण हा मधला पर्यायही आहे, पण त्यात पुराचं पाणी येत नाही आणि एजंट तो आपणहून क्वचितच सुचवतो.

एक कपात मात्र कुठल्याच गाडीवर करू नका. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून 6,000 वर आणून हप्ता थोडा कमी करता येतो. तुमची म्हातारी गाडी एखाद्या नव्याकोऱ्या मोठ्या गाडीच्या दारात घुसली, तर 6,000 मध्ये त्या दाराचा रंगही होणार नाही.