फुकट बसवून दिलेली फळी

जुने ऑर्गन आणि व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बाळगून कार्यक्रम करणारे सोलापूर जिल्ह्यात आता मोजकेच उरलेत. म्हणून माझ्या सामानाचं काय झालं ते नीट लिहितोय. पस्तीस किलोचा अँप्लिफायर खांद्यावर टाकून पळणारा चोर अजून जन्माला यायचाय. असल्या सामानाची चोरी आतून होते, आणि तीसुद्धा आपण स्वतः टेम्पोत घालून नेऊन दिलेल्या दुकानात, रीतसर पावती घेऊन.

माझ्याकडे फारफिसा कॉम्पॅक्ट आहे. साठच्या दशकातला इटालियन कॉम्बो ऑर्गन, डावीकडच्या सप्तकात पट्ट्यांचे रंग उलटे, गुडघ्याने दाबायचा खटका, पाय काढून त्याच्याच पेटीत ठेवायची सोय. त्याच्या जोडीला फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, चंदेरी पट्टीचा, म्हणजे साधारण १९६८ नंतरचा. दोन्ही वस्तू मुंबईत हॉटेलांत वाजवलेल्या एका बुजुर्ग कलाकाराच्या घरच्यांकडून घेतल्या. हे सगळे आवाज आता पाच किलोच्या कीबोर्डात मिळतात, हे मला लग्नाच्या मांडवापासून हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. मिळतात, नाही म्हणत नाही. पण जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात फारफिसाचा तो किंचित कर्कश सूर ट्विनमधून निघाला की पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं मान वर करून बघतात. कीबोर्डावर तसं कोणी बघत नाही.

वजनाचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट वजनाचीच आहे. साधा ट्विन २९ किलोच्या आसपास भरतो. माझ्यात जेबीएलचे डी १२० एफ स्पीकर होते. त्या काळी फेंडर जास्तीचे पैसे घेऊन हे स्पीकर बसवून द्यायची. त्यांचं मॅग्नेट दांडगं, त्यामुळे अँप्लिफायर आणखी सहा-सात किलोंनी जड. वर तो ११७ व्होल्टवर चालणारा, म्हणून स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरचं वेगळं ओझं. सुपारी कुठलीही असो, छोटा हत्ती आणि दोन हमाल ठरलेले. बिदागीतला चांगला हिस्सा त्यातच जातो.

गणपतीच्या आधी ट्विन घुमायला लागला. जुन्या व्हॉल्व्ह अँपमधले मोठे फिल्टर कपॅसिटर वाळले की असा हम येतो, यात नवल काही नाही. त्याच सुमारास फारफिसाची काळी चार खालच्या सप्तकांत मुकी झाली. हाही नेहमीचाच आजार. या ऑर्गनमध्ये बारा सुरांच्या बारा सर्किट पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीवर एक ऑसिलेटर सर्वांत वरचा सूर काढतो आणि पुढची सर्किटं त्याची कंपनं निम्मी निम्मी करत खालची सप्तकं तयार करतात. मधला एक टप्पा मेला की त्याच्याखालचे सगळे गप्प.

आमच्या भागात हे काम करणारे जुने कारागीर थकले किंवा गेले. तेवढ्यात एका साउंडवाल्याने एका नव्या माणसाचं नाव सुचवलं. परगावचा, भाड्याचा गाळा, बोलायला गोड, मुंबईत स्टुडिओची कामं केलेली असं सांगायचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

पहिल्याच भेटीत त्याने एक पुडी सोडली. म्हणाला, "मालक, तुमचा ऑर्गन साठ सायकलचा आहे, आपली लाईट पन्नासची. म्हणून सूर उतरतो. सहा हजारांचा कन्व्हर्टर बसवावा लागेल." आता ही गोष्ट खरी आहे, पण हॅमंड नावाच्या दुसऱ्या जातीच्या ऑर्गनच्या बाबतीत. हॅमंडमध्ये चाकं फिरतात आणि ती फिरवणारी मोटर विजेच्या सायकलवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर चालते. साठचा हॅमंड पन्नासवर लावला तर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच खाली येतो. फारफिसात चाक नाही, मोटर नाही, सगळी ट्रान्झिस्टरची करामत. त्याचा सूर लाईटच्या सायकलवर ठरतच नाही. मी तेवढं सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही जाणकार निघालात." कन्व्हर्टरचा विषय तिथेच मिटला. अर्धवट खरी माहिती भलत्या वस्तूला चिकटवून विकणारा माणूस दिसला, तर माझ्या मते तिथूनच सामान परत टेम्पोत चढवावं.

विसार म्हणून आठ हजार घेतले. पावतीवर लिहिलं: 'ऑर्गन १, अँप्लि १, दुरुस्तीसाठी'. आपल्याकडे सगळीकडे अशीच पावती मिळते, आणि याच एका ओळीवर त्याचा सगळा धंदा चालतो.

सामान परत मिळालं तेव्हा हम गेलेला होता. काळी चार वाजत होती. काढलेले जुने पार्ट त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले, प्रामाणिक कारागीर देतात तसे. शिवाय ट्विनच्या मागे प्लायवूडची फळी ठोकून दिली. ट्विन मागून अर्धा उघडा असतो. "आत उंदीर जातात, वायरी कुरतडतात. ही फळी माझ्याकडून फुकट," असं म्हणाला. फळीच्या सांध्यावर चंदेरी स्टिकर: 'उघडल्यास गॅरंटी बाद'. तसंच स्टिकर ऑर्गनच्या तळाला. बिल साडेअठरा हजार, त्यात '६एल६ व्हॉल्व्ह नवीन ४ नग' हे वेगळं कलम.

आता या मांडणीकडे नीट बघा. मागची बाजू उघडी असती तर जेबीएलचं मॅग्नेट आहे की नाही हे कोणालाही उभ्या उभ्या दिसलं असतं. फळीने ते झाकलं. फळी काढावी तर गॅरंटी जाते. आणि उंदराचं कारण असं, की आपल्या गोदामात सामान ठेवणारा कोणीही मान डोलावणारच.

कळलं ते हमालामुळे. गणपतीतला पहिलाच कार्यक्रम, टेम्पोतून उतरवताना नेहमीच्या हमालाने ट्विन धरला आणि दुसऱ्याला थांबवून एकट्याने उचलला. "मालक, आतलं काढून टाकलाव का काय? हलका लागलालाय की ओ." मला वाटलं, याला आज जोर आलाय. पण कार्यक्रमात खालचे सूर लावले की स्पीकर फडफडायला लागले. निवेदक जाताना अँपला अडखळला, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. चालू ट्विनला धक्का लागला की आतल्या रिव्हर्बच्या स्प्रिंगा हादरून ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. कार्यक्रमात तो आवाज म्हणजे डोकेदुखी असते. त्या दिवशी तो आलाच नाही. आणि तासाभराने, दिव्यांच्या उष्णतेत, फारफिसाची काळी चार चढायला लागली. एखादा सूर नव्हे, सगळ्या सप्तकांतली काळी चार एकदम. म्हणजे बिघाड त्या सुराच्या ऑसिलेटरमध्येच.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ चालू ठेवून, दोन माणसांसमोर फळी काढली. जेबीएलच्या जागी कसले तरी पातळ मॅग्नेटचे बिननावाचे स्पीकर. तळाशी असतो तो स्प्रिंगांचा रिव्हर्बचा डबा गायब, त्याच्या वायरींना एक टिचभर डिजिटल इकोचा बोर्ड जोडलेला, कराओकेच्या माइकमध्ये असतो तसला. 'नवीन' व्हॉल्व्ह बघितले. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चंदेरी मुलामा असतो. या चौघांचा मुलामा झिजून कडेने तपकिरी झालेला, म्हणजे भरपूर वापरलेला माल. माझे अमेरिकन व्हॉल्व्ह त्याने काढून नेले, आणि वर नव्याचे पैसे माझ्याकडूनच घेतले. ऑर्गनमध्ये काळी चारची मूळ सर्किट पट्टी नाही. तिच्या जागी ५५५ या साध्या टायमर आयसीवर केलेला जुगाड, गरम झाला की सूर सोडणारा. पिशवीतले जुने पार्टसुद्धा माझे नव्हते. फेंडरमध्ये दोन्ही टोकांना वायर असलेले कपॅसिटर असतात, आणि पिशवीत एकाच बाजूला दोन्ही पाय असलेले, कुठल्या तरी टीव्हीतले.

त्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, "तुमचा अँप असाच आला होता. पावती बघा की." गाळ्याला कुलूप.

चौकीत हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं ते चुकीचं नव्हतं. दोन स्पीकर दिले, दोनच आहेत, मग गेलं काय? इथे वजन कामाला आलं. हे सामान मुंबईहून रेल्वे पार्सलने आणलं होतं आणि पार्सलच्या पावतीवर दोन्ही नगांची वजनं स्वतंत्र लिहिलेली होती. तोच गोणपाट, तीच गादी गुंडाळून ट्विन मार्केट यार्डातल्या एका कांद्याच्या अडत्याकडे काट्यावर ठेवला आणि काट्याची चिठ्ठी घेतली. फरक सात किलोंहून जास्त. 'पॅकिंगचं वजन धरलं असेल' हा त्याचा पुढचा बचाव तिथेच संपला. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ आणि ३१८ खाली, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक, अशी लेखी दिली आणि पोच घेतली.

खरा उपयोग मात्र ग्राहक आयोगाचा होईल असं मला वाटतं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, दुकानदार परगावी पळाला तरी. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. माझ्या तक्रारीत बिल, व्हिडिओ, पार्सलची पावती आणि काट्याची चिठ्ठी जोडलीय. निकाल यायचाय.

मधल्या काळात दुसरी गंमत झाली. मी चार ग्रुपवर माझे स्पीकर हरवल्याचं टाकलं, त्यानंतर एकाचा फोन आला. "काका, तुमचे जेबीएल माझ्याकडे आलेत, अमुक इतके पाठवा, पार्सल करतो." व्हॉट्सअॅपवर फोटोही आला, पुढून काढलेला. आधीच्या मालकाने माझ्या दोन्ही मॅग्नेटवर ऑइलपेंटने खूण केलेली आहे. कोणत्या रंगाची आणि काय, एवढंच विचारलं. "रंग पुसला गेलाय" म्हणाला आणि नंबर बंद. वस्तू हरवल्याची जाहिरात करताना सगळं वर्णन देऊ नका. एक खूण पोटात ठेवा, असल्या फोनवर तीच उपयोगी पडते. आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, ऑनलाइन फसवणुकीसाठी तोच नंबर आहे.

सामान दुरुस्तीला टाकण्याआधी मी आता काय करतो, ते सांगतो. मागची बाजू उघडून स्पीकर, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, रिव्हर्बचा डबा यांचे फोटो काढतो. स्पीकरच्या चौकटीवर आकडे छापलेले असतात, ते पावतीवर उतरवून घेतो. जुन्या अमेरिकन मालावर पहिले आकडे कारखान्याचे असतात: जेन्सनचा २२०, ऑक्सफर्डचा ४६५. व्हॉल्यूमच्या पॉटवरही, म्हणजे बटणामागच्या फिरत्या पार्टवरही, असाच आकडा मिळतो. १३७६८३३ असेल तर सीटीएस कंपनी, १९६८ साल, ३३ वा आठवडा. हे लिहून मागितल्यावर चांगला कारागीर रागावत नाही. उलट तोच म्हणतो, बरं झालं, उद्या माझ्यावर आळ नको. एवढं लिहायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडे सामान ठेवत नाही. आणि उतरवताना काट्यावरचं वजन पावतीवर. अडत्याकडे कोणी त्याचे पैसे मागत नाही.

ट्विन आता पुण्याहून मागवलेल्या साध्या स्पीकरवर चालतोय. आवाज ठीक आहे, पूर्वीचा नाही. हमाल मात्र खूश.

गेल्या महिन्यात बार्शीकडच्या एका बँडवाल्याचा फोन आला. त्याच्या जुन्या अँपच्या मागेही अशीच फळी, तसंच चंदेरी स्टिकर, उंदराचंच कारण. म्हणजे माणूस अजून याच भागात फिरतोय. तुमच्याकडे अशी फळी असेल तर गॅरंटीची काळजी करू नका, स्टिकर फाडा आणि बघा. फक्त आधी प्लग काढून ठेवा आणि स्पीकर, डबा एवढंच बघा, वरच्या लोखंडी चेसिसमध्ये हात घालू नका. ट्विनसारख्या अँपच्या कपॅसिटरमध्ये साडेचारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो बंद केल्यानंतरही राहू शकतो. आतलं काही वेगळं दिसलं, तर हात लावण्याआधी व्हिडिओ काढा आणि मला कळवा. आयोगापुढे एकापेक्षा जास्त तक्रारी असतील तर बरं पडेल.