गुगलची रिच रिझल्ट्स टेस्ट: हिरवी खूण आली तरी थांबा

पाककृतीच्या पोस्टला लावलेला स्ट्रक्चर्ड डेटा (पानावर काय आहे ते सर्च इंजिनला सांगणारा कोड) गुगलला नीट वाचता येतोय का, हे तपासायला हे साधन. रिच रिझल्ट्स म्हणजे फोटो, तारे, वेळ असं जास्तीचं काही दाखवणारे सर्चमधले निकाल. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. पोस्टचा पत्ता टाका, नाहीतर ‘कोड’ टॅबमध्ये जेसन-एलडीचा (हा डेटा ज्या स्वरूपात लिहितात ते) तुकडा चिकटवा. हा दुसरा मार्ग जास्त कामाचा, कारण पोस्ट प्रसिद्ध करण्याआधीच चुका हाती लागतात.

पुरणपोळीची पोस्ट घ्या. रेसिपी या प्रकारात नाव आणि फोटो एवढंच सक्तीचं. त्यातलं एक जरी राहिलं तरी लाल शेरा. लेखक, साहित्य, किती जणांसाठी यातलं काही सुटलं तर नुसती सूचना मिळते, पोस्ट पात्र राहते.

खरा गोंधळ वेळेच्या रकान्यांत होतो. ‘४० मिनिटे’ चालत नाही. इंग्रजी कॅपिटल पी आणि टी, मग आकडा, मग एम, मध्ये जागा न सोडता. दीड तासाला पी, टी, १, एच, ३०, एम. आकडेसुद्धा इंग्रजीच हवेत, देवनागरी टाकले की चूक ठरते. तयारीचा आणि शिजवण्याचा वेळ जोडीनंच द्यायचा. साहित्यात मात्र ‘२ वाट्या हरभरा डाळ’ असं बिनधास्त मराठीत लिहा, तो साधा मजकूरच असतो.

वर्डमध्ये लिहिलेला कोड चिकटवला की बऱ्याचदा सरळ अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात आणि सगळा तुकडाच वाचता येत नाही. यादीतल्या शेवटच्या नोंदीनंतर उरलेला स्वल्पविरामही तेच करतो.

आता उणी बाजू. गुगल जे प्रकार निकालात दाखवतं, तेवढेच इथे तपासले जातात. हाऊ-टू (टप्प्याटप्प्यानं कृती दाखवणारा प्रकार) २०२३मध्ये बंद झाला, एफएक्यू (प्रश्नोत्तरांचा प्रकार) त्याच वर्षी नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरता मर्यादित केला गेला. काही प्लगइन (ब्लॉगला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) अजून दोन्हींची जाहिरात करतात, तिला भुलू नका. बाकी प्रकारांसाठी स्कीमा डॉट ऑर्गचा (स्ट्रक्चर्ड डेटाचे प्रकार ठरवणारी साइट) व्हॅलिडेटर, म्हणजे तपासणीचं साधन, वापरा.

ब्लॉगची थीम आणि प्लगइन दोघांनीही रेसिपीचा कोड पानात घातला तर इथे दोन नोंदी दिसतात, दोन्ही हिरव्या. त्यामुळे रंगाआधी संख्या बघा. आणि पानावर कुठेच नसलेले साडेचार तारे कोडात घातले, तरी टेस्ट बिनतक्रार पास करते. गुगलच्या नियमांत मात्र ते बसत नाही. मॅन्युअल ॲक्शन (गुगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई) आली की त्या पानाचे रिच रिझल्ट्स बंद होतात.