टिपक्यांच्या चकत्या, जलरंगाचं कार्ड की गवताची चुंबळ?

डिसेंबर लागला की ऑस्ट्रेलियातल्या शाळांचं वर्ष संपायला येतं. बाहेर कडक ऊन, आत नाताळची हस्तकला, आणि बाई म्हणतात, "यंदा अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, कलेतलं काहीतरी करूया." मेलबर्नच्या एका प्राथमिक शाळेत मी तीन वर्षं पालक म्हणून मदतीला जाते आहे. यंदा तुमच्यावर ही पाळी आली असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

सगळ्यात सोप्या टिपक्यांच्या चकत्या. गमच्या (निलगिरीच्या जातीच्या झाडाच्या) फांदीची गोल चकती, चार रंग, कान साफ करायच्या काड्या. पंचवीस मुलांचं काम अर्ध्या तासात होतं, खर्च जवळजवळ नाही. आम्हीही तेच केलं. एका मुलीनं कुठूनतरी पाहून इंग्रजी 'यू'सारखी खूण काढली, भोवती टिपके दिले आणि विचारलं, "ही गोष्ट कुणाची आहे?" मला सांगता येईना.

घरी येऊन वाचायला बसले. १९७१ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्याला जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनानं तिथल्या मोठ्या माणसांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची कथा रंगवली. त्यातून आजची वाळवंटी टिपक्यांची चित्रं पुढे आली. परक्यांनी पाहू नये असा पवित्र भाग झाकायलाही टिपके वापरले गेले. कोणती कथा कोणी रंगवायची हे घराण्याघराण्यांत ठरलेलं असतं. शिवाय टिपके म्हणजे सगळ्या देशाची कला नव्हे. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये बारीक आडव्यातिडव्या रेघांचं 'रार्क' असतं. आपल्याकडे वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर देवचौक काढतात, त्यात पालघाट देवी असते. कुणी तो चौक नाताळच्या झाडाला टांगायला मुलांकडून काढून घेतला तर आपल्याला खटकेलच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅबोरिजिनल कलाकार स्वतः वर्गात येऊन शिकवणार असतील तरच टिपके करा, आणि त्यांना मानधन द्या.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी मी जलरंगाचं कार्ड निवडेन. चित्रकार आल्बर्ट नामाटजिरा (१९०२–१९५९) मध्य ऑस्ट्रेलियातल्या हर्मन्सबर्गचे, अरेर्न्टे या अ‍ॅबोरिजिनल समाजातले. त्यांनी जलरंगात पांढऱ्या खोडाची घोस्ट गमची झाडं आणि जांभळे डोंगर रंगवले. त्यांच्या चित्रांचे हक्क २०१७ मध्ये कुठे कुटुंबासाठीच्या न्यासाकडे परत आले, तेव्हा चित्र गिरवायला देऊ नका. त्यांची दोन-तीन चित्रं दाखवा आणि मुलांना शाळेच्या आवारातलंच झाड रंगवू द्या. अडचण एकच, कागद ओला राहतो. दोन दिवस हाताशी ठेवा.

आठ वर्षांपुढच्या मुलांना मात्र विणकाम द्या. मला स्वतःला हेच सगळ्यात आवडतं. वाळवंटातल्या बायकांचा 'चान्पी डेझर्ट वीव्हर्स' हा उपक्रम १९९५ मध्ये सुरू झाला. तिथल्या पिट्जान्ट्जाट्जारा भाषेत 'चान्पी' म्हणजे गवत. २००५ मध्ये त्यांच्यातल्या पापुलान्कुट्जा गावच्या बायकांनी गवताची अख्खी टोयोटा विणून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, आणि तिचा फोटो दाखवला की वर्ग एकदम जागा होतो! याच भागात बायका डोक्यावर लाकडी भांडं ठेवायला केसांच्या दोरीचं कडं करत, त्याला 'मान्गुरी' म्हणतात. आपली चुंबळच. वर्गात गवताची जुडी वाकवून तिच्यावर राफियाचे (ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्याचे) वेढे घ्यायचे, बोथट सुईनं टाके घालायचे. झाडाला टांगायला छान गोल तयार होतो. दोन तास लागतात, सुया मोजून द्याव्या लागतात, आणि पहिल्या वेढ्याला निम्मी मुलं मदतीला हाका मारतात. एक मोठं माणूस जास्तीचं हवंच. खुणा आणि कथा उचलायच्या नाहीत, मुलांनी आपापली वीण करायची.

वेळच नसेल तर तयार वस्तू घ्या, पण जपून. प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१९-२० मध्ये 'अ‍ॅबोरिजिनल पद्धतीच्या' स्मरणवस्तूंवर झालेल्या खर्चातला निम्म्याहून अधिक बनावट मालावर गेला. विक्रेता 'इंडिजिनस आर्ट कोड' या कलाकारांशी रास्त व्यवहाराच्या आचारसंहितेचा सदस्य आहे का, वस्तूवर कलाकाराचं नाव आहे का, हे बघा. ऑक्टोबरातच मागवा.

काहीही निवडलंत तरी वस्तूच्या मागे लावायच्या चिठ्ठीवर मुलांकडून एवढं लिहून घ्या: हे कुणाकडून शिकलो, ते कुठले, आणि मी स्वतः यात काय केलं.