फी वसूल, जिना मात्र उभा

बँकेत ३१ वर्षं ‘कळविण्यात येते’ लिहिलेला मी माणूस. सदाशिव पेठेतल्या रविवारच्या लेखनवर्गात पहिला निबंध आईवर लिहिला. बाईंनी ‘वात्सल्यसिंधू’ खोडलं. “काका, आई सकाळी उठून काय करायच्या?” मी गप्प. सहाव्या रविवारी लिहिलं: आई वडिलांवरचा राग स्टोव्हला पिन मारताना काढायची. बाई काही बोलल्या नाहीत, समासात फक्त बरोबरची खूण. (ती वही बायकोने दोनदा वाचली.) ‘नाहीं’वरचा अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीच गेला, वडिलांच्या पत्रांतून उचललेला माझा आत्ता कुठे सुटतोय. तक्रार एकच, वह्या पंधरा-पंधरा दिवस परत मिळत नाहीत. आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांनी आधी फोन करा.