लांब दांड्याचा विंडशील्ड क्लीनर: काही महिने वापरल्यानंतर

गाडीच्या समोरच्या काचेची आतली बाजू पुसायला मी गेले कित्येक महिने लांब दांड्याचा विंडशील्ड क्लीनर वापरतो आहे. दोन तुकडे जोडून होणारा प्लास्टिकचा दांडा, टोकाला सांध्यावर फिरणारी त्रिकोणी पट्टी, तिच्यावर चढवायचं मायक्रोफायबरचं कव्हर आणि सोबत फवारणीची छोटी बाटली, एवढाच हा संच. घेण्याआधी वाचलेले बहुतेक अभिप्राय पहिल्या एक-दोन वापरांनंतर लिहिलेले होते आणि त्यांत एक तर कौतुकच कौतुक होतं, नाही तर ‘काचेवर रेघा राहतात, पैसे वाया’ अशी तक्रार. उन्हाचे, पावसाचे आणि थंडीचे दिवस काढल्यावर मला दोन्ही अर्धवट वाटतात. हात पोचत नाही तिथे पोचण्याचं काम हे साधन फार चांगलं करतं. ओशट थर काढण्याचं काम मात्र ते एकट्याने करू शकत नाही, आणि तक्रार करणारे बहुतेक जण त्याच्याकडून नेमकं तेच काम करून घेऊ पाहतात.

हा थर धुळीचा नसतो. डॅशबोर्डच्या आणि आतल्या इतर प्लास्टिकमध्ये, विशेषतः पीव्हीसीमध्ये, ते मऊ राहावं म्हणून प्लास्टिसायझर मिसळलेले असतात. बंद गाडी उन्हात तापली की त्यांतला थोडा अंश वाफ होऊन बाहेर पडतो आणि तुलनेने थंड असलेल्या काचेवर जमतो. त्यात श्वासातला ओलावा, बोटांचं तेल, कोणी ओढत असेल तर सिगारेटचा धूर आणि डॅशबोर्डवर मारलेल्या पॉलिशचा अंश मिसळतो. वाहन उद्योगात या प्रकाराला ‘फॉगिंग’ म्हणतात आणि तो मोजण्यासाठी डीआयएन ७५२०१ आणि आयएसओ ६४५२ ही मानकं आहेत. त्यातल्या एका पद्धतीत प्लास्टिकचा किंवा कापडाचा नमुना १०० अंश सेल्सिअसला तापवतात, वर थंड ठेवलेली काच धरतात आणि त्या काचेची चमक किती उतरली हे मोजतात. आपल्या गाडीत रोज उन्हात तेच सावकाश घडत असतं. नव्या गाडीची काच जुनीपेक्षा लवकर धुरकटते ती यामुळेच.

म्हणजे काचेवर जमतं ते तेलकट असतं. कोरडं किंवा नुसतं पाण्याने ओलं केलेलं कव्हर त्यावर फिरवलं तर थर निघत नाही, नुसता पसरतो. दिवसा काच स्वच्छ दिसते, पण रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती फिकट वलय उठतं आणि सूर्य खाली असताना अख्खी काच पांढरी होते. माझ्या मते आतली काच नीट पुसण्याचं खरं कारण हेच आहे. गाडी चकाचक दिसावी म्हणून हा खटाटोप करायची गरज नाही. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस रात्री अर्धा क्षण आधी दिसावा म्हणून मात्र नक्की करावा.

माझी पद्धत आता बसली आहे. गाडी सावलीत आणि काच थंड हवी. तापलेल्या काचेवर द्रव पुसण्याआधीच वाळतो आणि तिथेच डाग धरतो. डॅशबोर्डवर जुना टॉवेल पसरतो, दारं उघडी ठेवतो. पहिला हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा: ७० टक्क्यांचं अल्कोहोल आणि तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर काचेवर राहतात, म्हणून डिस्टिल्ड. हे मिश्रण पेट घेऊ शकतं, तेव्हा जवळपास ज्योत किंवा पेटती सिगारेट नको. शिवाय ते डॅशबोर्डच्या लेपावर किंवा स्क्रीनवर सांडलं तर तिथली झिलई बिघडू शकते. म्हणून काचेवर कधीच फवारत नाही, कापडावरच फवारतो. संचातल्या बाटलीचा फवारा मला त्यासाठी फारच जाड वाटतो. कव्हर भिजून थेंब गळायला लागतात. बारीक फवाऱ्याची वेगळी बाटली ठेवली आहे.

काचेचा वरचा आणि मधला भाग हातानेच पुसतो, चार पदरी घडी घातलेल्या कापडाने. हाताचा दाब सारखा पडतो, आणि घडी उलटून स्वच्छ बाजू पटकन पुढे आणता येते. एक बाजू ओशट झाली की ती पुन्हा काचेला लावायची नाही. क्लीनर हातात येतो तो खालच्या भागासाठी, जिथे काच उतरत जाऊन डॅशबोर्डला मिळते. आजकालच्या गाड्यांमध्ये काच इतकी कललेली असते की तिथे मनगट वळतच नाही. तिथे त्रिकोणाचं टोक छान शिरतं. मानेला आणि खांद्याला ताण येत नाही, आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी एवढ्यासाठीच हे साधन घ्यावं असं मी मनापासून सांगेन. चालकाच्या सीटवरून हे काम करू नये, स्टिअरिंग सतत आड येतं. शेजारच्या सीटवर बसून तिरकं वळलं की दोन्ही कोपरे हाताशी येतात.

तरीही अगदी खाली काचेचा बोटभर भाग सुटतो. कव्हरची शिवण जाड आहे आणि ती डॅशबोर्डला आधी टेकते. त्या भागासाठी पातळ कापड तळहाताच्या मागच्या बाजूला गुंडाळून, तळवा वर करून हात आत सरकवावा लागतो. पट्टीची कड थोडी पातळ असती तर हा त्रास वाचला असता. माझ्या लेखी या साधनाची सर्वात मोठी उणीव हीच.

दुसरा हात कोरडा, दुसऱ्या स्वच्छ कव्हरने. रेघा राहतात की नाही हे बहुतेक इथे ठरतं. आतून उभे हात मारायचे आणि बाहेरून आडवे, म्हणजे रेघ दिसली की ती कुठल्या बाजूची हे लगेच कळतं. मग टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून तिरका धरायचा. समोरून पाहिल्यावर न दिसणारं सगळं त्या उजेडात दिसतं. पहिल्यांदाच पुसत असाल तर ओला-कोरडा असा फेरा पुन्हा एकदा करावा लागतो, कारण जुना थर एका हातात सुटत नाही.

समोरच्या काचेवरच्या, मागचं दाखवणाऱ्या आरशाच्या आसपास दांडा नेऊ नका. तिथे बऱ्याच गाड्यांत कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असतो, आणि फिरती पट्टी त्याच्या आवरणावर आपटते. तेवढा भाग हातानेच.

अमोनिया असलेले ग्लास क्लीनर मी गाडीत वापरत नाही. बाजूच्या काचांना फिल्म लावलेली असेल तर अमोनियाने ती खराब होते, आणि बंद जागेत तो वास नकोच. मागच्या काचेवर गरम होणाऱ्या तारा असतील तर त्यांच्या दिशेनेच, आडवं आणि हलक्या हाताने पुसावं.

पावसात एक फरक जाणवला तो सांगण्यासारखा आहे. आतली काच स्वच्छ असली तरी बाष्प धरतंच, पण ते वेगळ्या रीतीने धरतं. ओशट काचेवर ओलावा सुट्या बारीक थेंबांनी बसतो, प्रत्येक थेंब उजेड इकडेतिकडे उधळतो आणि काच दुधासारखी होते. स्वच्छ काचेवर तोच ओलावा पातळ पसरतो, पलीकडचं बरंच दिसत राहतं आणि एसी लावून हवा कोरडी केली की लवकर निवळतं. बाष्प धरू नये म्हणून मिळणारे लेपही लावून पाहिले. सुरुवातीला काम करतात, पण टिकत नाहीत आणि उतरताना स्वतःचाच धुरकटपणा मागे ठेवतात. नीट पुसलेली काच आणि चालू एसी एवढ्यावर माझं आता भागतं.

टिकाऊपणाचं बोलायचं तर दांड्याचा मधला जोड थोडा खुळखुळायला लागला आहे, पण निसटत नाही. फिरता सांधा अजून घट्ट आहे. कव्हरचं इलॅस्टिक मात्र सैल पडलं, आणि जोर लावला की कव्हर पट्टीवरून सरकतं. कव्हर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याचा लेप धाग्यांवर बसतो आणि मग कव्हर तेल उचलण्याऐवजी काचेला लेपच लावतं. सुती कपड्यांबरोबरही धुऊ नका, त्यांचे तंतू कव्हरला चिकटतात. नवीन कव्हरसुद्धा पहिल्या वापराआधी एकदा धुवावं. आणि डॅशबोर्डवर चमकदार सिलिकॉन पॉलिश मारणं मी बंद केलं आहे. तेव्हापासून काच बऱ्याच उशिरा धुरकटते, शिवाय डॅशबोर्डची काचेतली झळाळीही गेली.

पुन्हा घ्यायचा झाला तर हाच प्रकार घेईन, पण कव्हर इलॅस्टिकऐवजी वेल्क्रोने बसणारं पाहीन आणि पट्टीची कड बोटाने दाबून ती किती पातळ आहे ते बघेन. कव्हरं सुटी मिळतात का, हे आधी विचारून घ्या. ओल्या आणि कोरड्या हातासाठी मिळून निदान चार लागतात, आणि संचात बहुधा तेवढी नसतात.