शिफ्टआधी उभ्याने ब्रीफिंग की ग्रुपवर मेसेज?

मालवणी जेवणाच्या हॉटेलात दार उघडण्याआधी वेटरला दोन गोष्टी तोंडपाठ हव्यात: आज कोणता मासा किती नग आणि काय भावाने. मेन्यूकार्डावर पापलेटपुढे ‘बाजारभावाप्रमाणे’ छापलेलं असलं, की आकडा रोज नव्याने सांगावाच लागतो.

व्हॉट्सॲप मेसेजचा फायदा एवढाच, की तो लेखी राहतो. पण निळी टिक आली म्हणजे समजलं असं नव्हे. शिवाय दहाला टाकलेला मेसेज साडेअकराला शिळा झालेला असतो: वीस धरलेल्या सुरमईच्या तुकड्या कापल्यावर सोळाच भरतात. मग वेटर सतरावी ऑर्डर घेतो, केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) किचनमधून परत येते आणि गिऱ्हाईक सोलकढीवर बसून राहतं.

उभ्याने ब्रीफिंगला दहा मिनिटं पुरतात. ते स्टाफचं जेवण आटोपल्यावर, दार उघडायच्या वीस मिनिटं आधी घ्यावं; उपाशी पोटी कोणी ऐकत नाही. आधी आचाऱ्याने नग सांगायचे, मग कॅप्टनने (वेटरांच्या प्रमुखाने) बुकिंग आणि टेबलवाटप. शेवटी सर्वांत नव्या पोराला विचारायचं, “कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला तिसऱ्या (शिंपल्या) चालतील का?” बरोबर उत्तर एकच: “किचनला विचारून सांगतो.” कालच्या चुकांची झाडाझडती मात्र इथे नको, ती शिफ्टनंतर, एकट्यात.

ड्युटी, सुट्ट्या, युनिफॉर्म खुशाल मेसेजवर टाका. नग आणि भाव ब्रीफिंगमध्ये बोलून लगेच किचनच्या खिडकीजवळच्या फळ्यावर खडूने लिहा, विकले तसे खोडत जा.